पुलाखाली, चौकात, नाल्याकाठी: प्लेसमेकिंगविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रहिवासी संघ, गणेश मंडळं, आर्किटेक्चरचे विद्यार्थी, चित्रकार आणि अधूनमधून एखादा नगरसेवक यांच्याशी बोलताना प्लेसमेकिंगविषयी, म्हणजे सार्वजनिक जागा माणसांच्या वापराची करण्याविषयी, तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. उदाहरणं मुख्यतः मुंबई-पुण्याची आहेत, कारण ती तुम्हाला स्वतः जाऊन पाहता येतील. बाहेरचं उदाहरण जास्त शिकवतं तिथे ते घेतलं आहे.

प्लेसमेकिंग म्हणजे सुशोभीकरणच ना?

बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. सुशोभीकरणात वस्तू आधी ठरते: कारंजं, रंगीत दिवे, 'आय लव्ह अमुकनगर' अशी लाल बदामाची अक्षरं. मग त्या वस्तूसाठी जागा शोधतात, कोनशिला बसते, आणि पहिल्या पावसात बदामाचा दिवा जातो. प्लेसमेकिंगची सुरुवात माणसांकडे बघण्यापासून होते. या कोपऱ्यावर सकाळी सहाला कोण असतं? भर दुपारी? रात्री दहाला? कोण थांबतं, कोण मान खाली घालून निघून जातं, कोण इकडे फिरकतच नाही? ही उत्तरं हातात आली की बाक, सावली, पाणी, उजेड, रंग, कार्यक्रम यांतलं काय लागेल ते ठरवता येतं. कधीकधी उत्तर एवढंच निघतं की कुंपणाला एक फाटक पाडा.

ही कल्पना आली कुठून?

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या शहरांत मोठमोठे रस्ते काढण्यासाठी वस्त्या पाडल्या जात होत्या. त्याविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये जेन जेकब्ज उभ्या राहिल्या आणि फुटपाथवरच्या रोजच्या वर्दळीचं मोल त्यांनी लोकांपुढे मांडलं. पुढच्या दशकात त्याच शहरात विल्यम व्हाइट यांनी चौकांमध्ये कॅमेरे लावून माणसं प्रत्यक्षात कुठे बसतात ते तपासलं. निष्कर्ष हसू येईल इतका साधा होता: बसण्यासारखं काही असेल तिथे लोक बसतात, आणि खुर्ची हलवता आली तर ती वीतभर तरी सरकवून मगच बसतात. कोपनहेगनने १९६२ मध्ये स्ट्रॉयेट हा मुख्य बाजाररस्ता वाहनांना बंद केला. 'क्रिएटिव्ह प्लेसमेकिंग' हे नाव रूढ झालं ते २०१० नंतर, अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीने त्यावर अहवाल काढल्यावर. त्यात चित्रकार, नाटकवाले, वादक यांना शहररचनाकारांच्या बरोबरीने बसवण्याचा विचार होता.

पण आपल्याकडे पार, चावडी, घाट, कट्टा हे सगळं होतंच की!

होतं, आणि त्यातलं बरंच अजून उत्तम चालतं. दादरच्या शिवाजी पार्कचा कट्टा घ्या. मैदान १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं झालं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने ते शिवाजी पार्क झालं. मैदानाभोवती किलोमीटरभराहून लांब असा तो बुटका कठडा. ना पाठ, ना हात, ना नक्षी. पहाटे चालणारे आजोबा, क्रिकेटच्या किटबॅगा, कॉलेजची जोडपी आणि राजकारणाची चर्चा यांना एकाच वेळी सामावून घेणारं इतकं स्वस्त बांधकाम मुंबईत दुसरं नसेल. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. चाळीचा चौक दहा दिवस सभागृह होतो आणि अकराव्या दिवशी पुन्हा चौक. तात्पुरतं बांधकाम, वर्गणी, कामाची वाटणी, परवानग्या, विजेची जोडणी हे सगळं आपली मंडळं पिढ्यान् पिढ्या करत आली आहेत. प्लेसमेकिंगच्या कार्यशाळेत हे कौशल्य शिकवायला पाहुणे बोलावतात तेव्हा मला जरा गंमत वाटते.

मात्र 'आपली जुनी गावं सगळ्यांची होती' असं म्हणण्याआधी महाड आठवावं. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा वगैरे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं, पण पाण्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले, आणि त्यानंतर मारहाणही झाली. जागा कुणाची, हे ती कोण वापरू शकतं यावरून ठरतं. पारावर कोण बसायचं आणि कोण लांबूनच जायचं, हा प्रश्न आजच्या सोसायटीच्या बागेलाही लागू आहे. 'कामवाल्या बायकांनी इथे बसू नये' अशा पाट्या आपण वाचलेल्या आहेत.

हे काम 'आंतरविद्याशाखीय', म्हणजे अनेक क्षेत्रांनी मिळून करायचं, असं म्हणतात. व्यवहारात कोण कोण लागतं?

शब्द जड आहे, काम तितकं जड नाही. आर्किटेक्ट आणि स्थापत्य अभियंता तर लागतातच. त्यांच्याशिवाय झाडांची आणि पाण्याची जाण असणारं कुणीतरी, वाहतूक पोलीस, वस्तीत कामाची सवय असलेली समाजकार्यकर्ती आणि एखादा कलाकार. माझ्या मते आणखी दोघं पहिल्या बैठकीपासून हवेतच: तिथे झाडू मारणारे सफाई कामगार आणि वॉर्डातला वीज विभागाचा माणूस. पाणी कुठे तुंबतं, बाटल्या कुठे सापडतात, कुठला दिवा दर महिन्याला फुटतो, ही माहिती दुसऱ्या कुणाकडे नसते. त्यांना बैठकीला बोलावलेलं मात्र क्वचितच दिसतं.

वेगळ्या क्षेत्रातला माणूस आला की प्रश्नच वेगळ्या बाजूने दिसू लागतो. कोलंबियात बोगोटाचे महापौर अंतानास मोकुस हे मूळचे गणिताचे आणि तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. नव्वदच्या दशकात त्यांनी चौकाचौकांत मूकाभिनय करणारे कलाकार उभे केले. झेब्रा क्रॉसिंग अडवून गाडी उभी करणाऱ्याची ते हावभाव करून चारचौघांत थट्टा करत, आणि दंडाला न घाबरणारे चालक हसं होण्याला घाबरले. पुण्यात २०१६ च्या सुमारास जुन्या, भंगारात निघालेल्या बस घेऊन त्यांची स्त्रियांसाठी स्वच्छतागृहं करण्यात आली. 'ती टॉयलेट' म्हणून पुणेकरांना ती माहीत आहेत. नवी इमारत बांधायची, जागा संपादन करायची, हा सगळा लांबचा रस्ता त्या एका कल्पनेने टळला.

उलट एखादं ज्ञान टेबलावर नसेल तर काय होतं, याचं उदाहरण नदीकाठ. पुण्यात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाच्या विकासावरून जो वाद पेटला, त्यात एका बाजूला फिरायला रस्ते आणि बसायला घाट होते, दुसऱ्या बाजूला पुराची पातळी, काठावरची जुनी झाडं आणि पात्राची रुंदी. हे प्रश्न चित्रं काढायच्या आधी विचारायचे असतात.

नीट जमलेलं एखादं उदाहरण सांगा.

माटुंग्याचं नानालाल डी. मेहता उद्यान. किंग्ज सर्कलजवळ, डॉ. आंबेडकर रस्त्यावरच्या उड्डाणपुलाखाली. पूल झाल्यावर खालच्या जागेचं जे सगळीकडे होतं तेच इथे झालं: बेकायदा पार्किंग, कचरा, जुगार, नशा. रहिवासी तक्रारी करत राहिले आणि शेवटी पालिकेने जागा मोकळी केली. जागा मोकळी झाली की महिन्याभरात ती पुन्हा भरते, हा शहराचा नियम. म्हणून रहिवाशांनी आधी वर्गणी काढून पहारेकरी नेमले. बाग नाही, आराखडा नाही, फक्त राखण. मग बागेची मागणी लावून धरली. २०१६ मध्ये उद्यान खुलं झालं.

आराखड्याची कल्पना देखणी आहे. पुलाखालची पट्टी लांब आणि अरुंद, त्यामुळे नेहमीची गोल बाग शक्यच नव्हती. सुमारे ६०० मीटरची पायवाट नर्मदेच्या वळणांसारखी आखली आणि तिच्या काठाने घाटांची आठवण देणारे टप्पे केले. सरळ पट्टीत चालणाऱ्याला सारखं वळण मिळतं, त्यामुळे ती लांबलचक वाटत नाही. रोज फेऱ्या मारणाऱ्याला नर्मदेची भक्ती असो वा नसो, वळणं उपयोगी पडतात. चांगल्या कलाकल्पनेची माझी कसोटी हीच आहे: गोष्ट माहीत नसलेल्यालाही तिचा फायदा व्हावा.

दोन्ही बाजूंनी गाड्या धावतात, हवा काही हिमालयाची नाही, आणि आत यायला रस्ता ओलांडावा लागतो. तरी माणसं येतात, कारण त्या भागात सपाट, सावलीची, उजेडाची, गाडीची भीती नसलेली दुसरी चालण्याची जागा सहज मिळत नाही. पहारेकरी आधी आणि बाग नंतर, हा त्यांचा क्रम कुठल्याही वॉर्डाने उचलावा असा आहे.

आणि परळचं 'वन ग्रीन माइल'? त्याला तर परदेशात नावाजलं गेलं.

सेनापती बापट मार्गाच्या पुलाखालचा सुमारे २०० मीटरचा तुकडा. रॉटरडॅमच्या एमव्हीआरडीव्ही आणि मुंबईच्या स्टुडिओपॉड या आर्किटेक्ट संस्थांनी केलेला, २०२२ मध्ये पूर्ण झालेला. निळे पट्टे जमिनीवरून उठतात, वळतात, कुठे कमान होतात; व्यायामाची साधनं, बसायच्या जागा, कार्यक्रमाला जागा, भरपूर झाडं. खर्च लगतच्या कार्यालयसंकुलाच्या मालक कंपनीने केला. रचना म्हणून काम चोख आहे. पुलाखालच्या जागेकडे रंगमंच म्हणून बघता येतं, हे त्याने अनेक अभियंत्यांना पटवलं.

पण परळमध्ये उभं राहून फक्त २०० मीटरचं कौतुक करणं मला जमत नाही. गिरणगावातल्या गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने साधारण एक-तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक-तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला असं सूत्र घातलं. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सगळ्या जमिनीचा एकत्रित आराखडा करा असं सुचवलं. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या भागापुरती उरली. इमारती पाडून निघणारी जमीन त्यातून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. मोठी बाग होऊ शकली असती तिथे मॉल आणि मनोरे आले, आणि आपण पुलाच्या सावलीतल्या पट्टीला बक्षिसं देतो आहोत. पट्टी चांगलीच आहे. मात्र असं काम नियोजनाची भरपाई म्हणून दाखवलं जात असेल तर तेवढ्यापुरता विरोध करायला हवा.

भिंती रंगवून वस्ती बदलते का?

वस्तीचं चित्र बदलतं. घाटकोपरची असल्फा टेकडी २०१७ च्या अखेरीस 'चल रंग दे' या उपक्रमात रंगवली गेली, तेव्हा मेट्रोतून दिसणारी राखाडी उतरण एकदम रंगीत झाली आणि फोटो देशभर फिरले. रहिवाशांना अभिमान वाटला हेही खरं, त्याला कमी लेखू नये. पण रंग पत्र्याची गळती थांबवत नाही आणि टेकडीवर पाणी चढवत नाही. मेट्रोच्या बाजूच्या भिंती आधी रंगल्या असतील तर चित्र कुणासाठी काढलं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

त्याच वर्षी कुलाब्याच्या ससून डॉकमध्ये स्टार्ट इंडिया या कलासंस्थेने कलाप्रकल्प केला. १८७५ पासूनचा हा धक्का. सर्वसाधारण मुंबईकर नाक दाबून त्याच्या बाहेरून जातो. तिथे मासळी उतरवणाऱ्या, कोळंबी सोलणाऱ्या माणसांचे चेहरे भिंतींवर आले आणि कधी न येणारे लोक आत आले. धक्का मात्र चालूच होता, लिलाव चालूच होता, कामाला धक्का न लावता कला बाजूने उभी राहिली. माझ्या मते भिंतचित्रापेक्षा ही गोष्ट शिकण्यासारखी आहे.

मग कलाकाराला कधी बोलवायचं?

पहिल्या दिवशी. काँक्रीट वाळल्यावर बोलावलं तर त्याच्या हाती फक्त भिंत उरते.

वर्षातून नऊ दिवसांच्या उत्सवाने जागा घडते?

काळा घोडा बघा. तिथला काळा घोडा म्हणजे सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा. तो १९६५ मध्ये हलवला, आता भायखळ्याला जिजामाता उद्यानात आहे. पुतळा गेला तरी चौकाचं नाव टिकलं. १९९९ पासून तिथे फेब्रुवारीच्या सुमारास महोत्सव होतो आणि त्यातून उभा राहणारा निधी परिसरातल्या वारसा इमारतींच्या आणि रस्त्यांच्या जपणुकीला जातो. २०१७ मध्ये चौकात पुन्हा घोडा आला, या वेळी स्वाराशिवाय. राजाला न आणता नाव परत आणलं, ही मला त्या प्रकल्पातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते.

नऊ दिवसांच्या गर्दीत तिथे पाय ठेवायला जागा नसते. पण उरलेल्या वर्षभर जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर फुटपाथवर चित्रं मांडून बसणारे चित्रकार, डेव्हिड ससून ग्रंथालयाची बाग, वकील, विद्यार्थी हे सगळं चालू असतं. उत्सव त्याच्यावर उभा आहे. ओसाड जागेवर उत्सव घातला तर दहाव्या दिवशी मांडवाचे खड्डे राहतात. पुण्यात गुडलक चौकातला कलाकार कट्टा याच्या दुसऱ्या टोकाला आहे: छोटासा, महोत्सव वगैरे नाही, पण संध्याकाळी कुणीतरी गिटार घेऊन बसलेलं असतं.

परवानगी कुणाकडे मागायची?

जागा कुणाची आहे ते आधी लेखी काढा. उड्डाणपूल महापालिकेचा, एमएमआरडीएचा (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), रस्ते विकास महामंडळाचा की सार्वजनिक बांधकाम खात्याचा, हे बघून सांगता येत नाही. त्यानंतर वॉर्ड ऑफिस, उद्यान विभाग, वाहतूक पोलीस, वीज. पुलाखाली असाल तर एक अट कायम असते: खांब आणि बेअरिंग (खांबावर पूल ज्यावर टेकतो तो भाग) तपासायला यंत्र आत जायला हवं, म्हणून खांबाला चिकटून पक्कं बांधकाम करता येत नाही. अर्जासोबत देखभाल कोण करणार त्याचं पत्र जोडा. बरेच अर्ज त्या एका कागदाअभावी अडतात, आणि अधिकाऱ्यांचं त्यात चुकतं असं मला वाटत नाही.

पैसे कुठून आणायचे?

नगरसेवक आणि आमदार निधी, कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी), वर्गणी. पुण्यात आणखी एक दार आहे: महापालिकेने २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकाची पद्धत ठेवली आहे. ठरलेल्या मुदतीत प्रभागातली छोटी कामं कुणीही सुचवू शकतं: फुटपाथ, बाक, दिवे, स्वच्छतागृह. फार थोडे लोक सुचवतात.

खासगी पैसा घेताना करार वाचा. मुंबईत मोकळ्या जागा संस्थांना दत्तक देण्याच्या धोरणाला नागरिकांनी कडाडून विरोध केला आणि २०१६ च्या सुरुवातीला राज्य सरकारने त्याला स्थगिती दिली. भीती अगदी साधी होती: देखभालीच्या नावाखाली मैदानाला क्लबचं फाटक लागेल. म्हणून करारात वेळा, प्रवेश, शुल्क आणि पाटीचा आकार सुद्धा लिहून घ्या. देणगीदाराची पाटी बाकापेक्षा मोठी असू नये, असा माझा आग्रह असतो आणि तो बहुधा मोडला जातो.

बाक ठेवले तर टवाळ पोरं येऊन बसतील. त्याचं काय?

येतील. ती पोरं वॉर्डातलीच असतात आणि त्यांना घरात बसायला जागा नसते. टवाळी वाढते ती एकच गट बसतो तेव्हा. सकाळी योगवाल्या बायका, दुपारी डबा खाणारे, संध्याकाळी मुलं, नंतर पत्त्यांचे आजोबा अशी वर्दळ लागली की तीच पोरं आवाज खाली आणतात. बाकांना मध्ये लोखंडी दांडे लावून कुणाला झोपू न देण्याची युक्ती हल्ली फार दिसते. त्याने झोपणारा दुसरीकडे जातो, आणि गरोदर बाई, नातवाला मांडीवर घेतलेली आजी, जड पिशवीवाला यांचीही सोय जाते.

बायका येतील अशी जागा कशी करायची?

उजेड, आतून बाहेर सरळ दिसणारी नजर, दोन तरी बाहेर पडायच्या वाटा, आणि स्वच्छतागृह. शेवटचं नसेल तर बाकीचं सगळं अर्ध्या तासापुरतं. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' चळवळीतल्या कार्यकर्त्या हेच सांगत आल्या आहेत. चहाची टपरी किंवा फुलवाली शेजारी असेल तर तिला हलवू नका. रात्री साडेनऊला जागेवर एक ओळखीचा चेहरा असणं कॅमेऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

म्हणजे फेरीवाले राहू द्यायचे?

त्यांच्यासह आराखडा करायचा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना हक्क दिले आहेत आणि शहर फेरीवाला समितीची तरतूदही आहे. वडापावची गाडी कुठे उभी राहील, तिचं पाणी कुठे जाईल, कचऱ्याचा डबा कुणाचा, हे नकाशात दाखवा. नकाशात नसलेली गाडी उद्घाटनानंतर तिसऱ्या दिवशी रॅम्पवर उभी राहते.

रस्ता बंद करून काय साधतं? दुकानदार तर विरोध करतात.

पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळते आणि लक्ष्मी रस्त्याचा एक भाग त्या दिवशी गाड्यांना बंद असतो. मुंबईत २०१४ मध्ये वांद्र्यात रविवारी सकाळी 'इक्वल स्ट्रीट्स' झालं. या सगळ्याचा पूर्वज पुन्हा बोगोटाच: १९७४ पासून तिथे रविवारी रस्ते सायकली आणि पायी चालणाऱ्यांना देतात, आज ते जाळं शंभर किलोमीटरच्या वर आहे. बोगोटाचं गमक म्हणजे दर आठवड्याला न चुकता होणं. वर्षातला एक दिवस ही बातमी असते; दुकानदाराला सवय लागायला दर रविवार लागतो.

जंगली महाराज रस्ता हा पक्क्या कामाचा नमुना. पूर्वी खड्डे न पडणारा रस्ता म्हणून त्याची ख्याती होती, आता रुंद फुटपाथ, झाडांभोवती बसायच्या जागा आणि मुलांची खेळणी यांच्यासाठी लोक तो दाखवायला नेतात. संध्याकाळी मुलं फुटपाथवर खेळताना दिसतात, हे भारतीय रस्त्यावर विरळाच. आणि दुचाकी फुटपाथवर चढलेल्याही दिसतात. रुंदी दिली की ती राखायला बोलार्ड (गाड्या अडवणारे खुंट) आणि पोलीस दोन्ही लागतात.

पावसाळ्यात हे सगळं टिकतं का?

आराखडा जूनचा विचार करून केला असेल तर. रस्त्यावरचा ऑइल पेंट पाण्यात घसरडा होतो. चालायच्या भागावर खरखरीत पृष्ठभागच हवा. घासलेला ग्रॅनाइट विसरा, खरबरीत शहाबादी किंवा बसाल्ट वापरा. काळ्या कडप्प्याच्या बाकावर एप्रिलमध्ये दुपारी कुणी बसून दाखवावं. झाडाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट भरू नका. पुलाखाली गंमत उलटी असते: बाहेर धो धो पाऊस आणि आतली झाडं कोरडी. पुलावरचं पाणी ज्या पाइपांतून खाली येतं ते टाकीत वळवता येतं, फक्त पहिल्या पावसाचं तेलकट पाणी सोडून द्यावं. पुलाच्या सांध्यांतून जिथे पाणी ठिबकतं ती जागा खडूने आखून ठेवा आणि तिथे बाक टाकू नका. हे कुठल्याच थ्रीडी चित्रात दिसत नाही.

जागा छान झाली की भाडी वाढतात, मूळची माणसं हटतात. खरं आहे?

खरं आहे, आणि त्यावर बाक-झाडांचं उत्तर नाही. भाडेकरूंचं संरक्षण आणि परवडणारी घरं हेच उत्तर. पणजीच्या फोंतेंयशमध्ये वेगळाच त्रास आहे. रंगीत घरांसमोर फोटो काढायला इतकी गर्दी होते की रहिवाशांना 'फोटो काढू नका' असे फलक लावावे लागले. पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला कुणी न विचारता फोटोत घेत असेल, तर त्याची पायरी त्याची राहिली नाही.

आमचं तालुक्याचं गाव आहे. ना कंपनी, ना नामांकित आर्किटेक्ट. आमच्यासाठी यात काय?

अ‍ॅमस्टरडॅम. चकित होऊ नका. महायुद्धानंतर ते शहर कंगाल होतं, मुलं पुष्कळ होती, पडक्या घरांच्या मोकळ्या जागा पुष्कळ होत्या. १९४७ मध्ये पालिकेच्या शहर विकास खात्यातल्या आल्डो व्हान आइक या तरुण आर्किटेक्टने एका चौकात वाळूचा हौद, काही दगडी ठोकळे, लोंबकळायला लोखंडी दांड्या आणि बाक एवढंच मांडलं. कुंपण नाही. मग बाकीच्या गल्ल्यांतून पत्रं येऊ लागली: आमच्याकडेही करा. १९७८ पर्यंत अशी सातशेहून अधिक खेळाची मैदानं झाली. प्रत्येक जागेची मांडणी वेगळी, वस्तू मात्र त्याच, म्हणून स्वस्त. हत्ती-जिराफाची घसरगुंडी त्यांनी मुद्दाम टाळली; ठोकळ्याचं काय करायचं ते मूल ठरवेल.

तुमच्याकडे गवंडी आहे, वेल्डर आहे, चित्रकलेचे सर आहेत, एसटी स्टँडामागची पडीक जागा आहे आणि मांडव घालू शकणारं मंडळ आहे. मोठ्या शहरात हे सगळं एका ठिकाणी मिळणं मुश्कील असतं.

यश मोजायचं कसं?

उद्घाटनाच्या दिवशी मोजू नका. साध्या मंगळवारी मोजा, काम सुरू होण्याआधी आणि पहिला पावसाळा गेल्यावर. किती जण गेले यापेक्षा किती जण थांबले ते लिहा. रात्री आठनंतर बायका किती, दहा वर्षांखालची मुलं किती, काठी किंवा व्हीलचेअर घेऊन आलेले किती. कुणी स्वतःहून काही बदललं का तेही बघा: बाक ओढून सावलीत नेला, कुंडीत तुळस लावली, खांबावर कॅरमच्या स्पर्धेचा कागद चिकटवला. असं दिसलं की खूण चांगली.

आमच्याकडे एक रविवार आणि थोडेसेच पैसे आहेत. काय करावं?

शनिवारी संध्याकाळी जागा झाडून घ्या. रविवारी मंडळाच्या पंचवीस प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणून मोकळ्या सोडा, रांगा लावू नका. एक ताडपत्रीची सावली, पिण्याच्या पाण्याचा पिंप, मुलांना खडू. कुणीतरी झाडाखाली वही घेऊन बसावं आणि दर तासाला कुठल्या खुर्च्या कुठे सरकल्या ते टिपावं. म्हाताऱ्यांना विचारा, इथे पूर्वी काय होतं. मुलांना विचारा, इथे कशाची भीती वाटते. संध्याकाळी खुर्च्या जिथे गोळा झालेल्या असतील तिथे पक्का कट्टा बांधा, पण तो पुढच्या वर्षी. त्याआधी नळाला जोडणी घ्या आणि त्याची किल्ली कुणाकडे राहील ते नावासकट ठरवा.